एकदाच वाजलेली चाल

मित्रांनो, पवनारच्या अलीकडे धाम नदीला लागून आमचं गाव आहे. गावातल्या मारुतीच्या देवळात डाव्या हाताला लाल खोळीत झाकलेली एक वस्तू दिसते आणि तुम्ही खुशाल तिच्यावर दप्तरं ठेवून खेळायला पळता, ती मी. भजन मंडळाची पेटी. शिकलेले लोक मला हार्मोनियम म्हणतात. आता माझं वय झालं. भात्याला ठिगळं आहेत, आणि खालच्या सप्तकातली एक पट्टी दाबली की उठायला कुरकुर करते.

नागपूरच्या एका कारागिराने मला सागवानात घडवलं. गावात आले तेव्हा माझं काही वाजतगाजत स्वागत झालं नाही. मंडळात तोवर एकतारी, टाळ आणि खंजिरी एवढाच संसार होता. एकतारी वाजवणारे नानाजी मला बघून रुसलेच. खोक्यात सूर आयतेच भरून मिळत असतील तर माणसाने गळा कशाला तापवायचा, असं त्यांचं म्हणणं. कितीतरी दिवस ते माझ्याकडे पाठ करून बसत. पुढे त्यांचा गळा थकला, वरचा सूर लागेना, तेव्हा तो मी खालून धरून ठेवू लागले. मग नानाजी हळूहळू माझ्याजवळ सरकले. हे सांगायचं कारण एवढंच, की यंत्र म्हणून लोकांनी मुरडलेलं नाक मी सोसलेलं आहे. दुसऱ्या यंत्राबद्दल मी उगाच वाकडं बोलणार नाही.

मला वाजवणारे रूपराव. नदीकाठी त्यांची भाजीची वाडी आहे. त्यांची बायको वच्छलाबाई सकाळच्या बसने टोपलं घेऊन सावंगीला जायच्या आणि शिकणाऱ्या पोरापोरींच्या खोल्यांसमोर पालक, वांगी, सांबार विकायच्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. रूपरावांना चाली बांधण्याचा नाद होता. तो नाद गावाच्या कामी यायचा, कारण आमच्या मंडळाची एक रीत आहे. गावात कोणी गेलं की त्याच्या तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, मंडळ एक गाणं म्हणतं, आणि त्याची चाल नवी लागते. ती त्या दिवशी एकदाच वाजते. पुन्हा दुसऱ्या कोणासाठी ती काढायची नाही, आणि कोणी जायच्या आधी करूनही ठेवायची नाही. नानाजी गेले तेव्हा त्यांच्यासाठी जी चाल झाली ती आता नानाजींचीच. जमीनजुमला पोरांना मिळतो, चाल ज्याची त्याच्याबरोबर जाते.

चाल होईपर्यंत मी रूपरावांच्या घरी असायची. ओसरीवर ते वाजवत, अंगणात वच्छलाबाई सांबाराच्या जुड्या बांधत. असं वर्षानुवर्षं चाललं. गावातली किती माणसं मी अशी पोचवली, आता आठवत नाही.

यंदा संक्रांतीनंतर वच्छलाबाईच गेल्या. थोड्याशा आजाराचं निमित्त झालं. डोमाजी ढोलकीवाले मला डोक्यावर घेऊन रूपरावांच्या ओसरीवर ठेवून गेले. रूपराव माझ्यासमोर बसले आणि बसूनच राहिले. भाता हलवत, दोन सूर काढत, थांबत. दिवसामागून दिवस गेले, पण चाल होईना. अख्ख्या गावाला चाल दिलेल्या माणसाची बायको चालीवाचून जाणार, ही गोष्ट त्यांना आतून खात होती. जेवणावरचं लक्ष उडालं. वाडीतलं पाणी कोणी वळवायचं, हेही शेजारची धुरपता बघू लागली.

त्यांची मुलगी अंकिता सावंगीच्या दवाखान्यात नर्स आहे. ती सुट्टी काढून आली होती. बापाचे हाल तिला बघवेनात. तिने फोन काढला, त्यातल्या एका ॲपला आईबद्दल सारं सांगितलं. नाव, गाव, टोपलं, सांबार, सकाळची बस. चहा उकळायला लागतो तेवढ्यात फोन गाऊ लागला.

मित्रांनो, खरं सांगते, ते गाणं सुंदर होतं. बासरी होती, मागे बायकांचे आवाज होते, आणि चाल अशी उतरत जायची की धुरपता पदर डोळ्यांना लावून खाली बसली. मी जन्मभर दुसऱ्याच्याच बोटांनी वाजले, स्वतःहून एक सूरही कधी काढला नाही. त्या फोनने तर अख्खं गाणं केलं होतं. मला मत्सर वाटला नाही असं म्हणणार नाही.

रूपरावांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, चांगली आहे, माझ्याहून चांगली आहे. अंकिताला हायसं वाटलं. तिने सांगून टाकलं की ॲपने अशा चार केल्या होत्या, तिने त्यातली ही निवडली.

रूपरावांनी डोळे उघडले. "हे तुह्या मायची. मंग बाकीच्या तीन कोनाच्या?"

अंकिताने घाईने फोन हातात घेतला. ती म्हणाली, कोणाच्याच नाहीत, पुसून टाकते. पण डोमाजी तिथेच बसले होते. ते दम्याने हैराण. तेरवीच्या तीन चाली आधीच तयार होऊन फोनमध्ये वाट बघत आहेत, हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. पुसायच्या तरी कशा, असंही त्यांना वाटलं, कारण तेरवीची चाल पुसणं म्हणजे माणसाला दारातून हाकलणं. मग घरातही नको म्हणून फोन त्या दिवशी गोठ्याच्या खुंटीला पिशवीत टांगून राहिला. तुम्हाला हसू येईल, पण त्या वेळी कोणी हसलं नाही.

दुपारी अंकिता बापाजवळ बसली. तिने कारण विचारलं, "बाबा, तुमाले चाल होऊन काऊन नाई राह्यली? लोकायच्या तं एका दिवसात करत होते."

रूपरावांनी माझ्या पट्ट्यांवरून फडकं फिरवलं. मग म्हणाले, "मी कुठं करत होतो, पोरी? मी वाजवू वाजवू पाहायचो. तुही माय जुड्या बांधता बांधता म्हनायची, हे नाई. पुन्हा वाजवायचो, तं पुन्हा हे नाई. चिडायचो मी तिच्यावर. जेव्हा ते काईच नाई म्हनायची, तेव्हा समजायचं, चाल झाली. आता मले नाई म्हननारं कोनी उरलंच नाई."

हे मी ओसरीवरून दर वेळी ऐकत आले होते, पण त्याचा अर्थ मला त्या दुपारी कळला. अंकिता उठली, वाडीतून सांबार उपटून आणला आणि अंगणात आई बसायची तिथे जुड्या बांधायला बसली. रूपरावांनी भाता ओढला. एक चाल झाली. अंकिता म्हणाली, छान आहे. दुसरी झाली, तीही छान. तिसरीलाही ती छानच म्हणाली. बाप दुःखात आहे, त्याला कसं मोडायचं?

रूपरावांनी मला धाडकन मिटलं. "तुले तं सारंच छान वाटते. त्या फोनसारखं करून राह्यली तू. मले बरं वाटावं म्हनून बोलू नोको."

अंकिता रडली. मग डोळे पुसून, बापाकडे न बघता म्हणाली, "नाई. हे माय नाई. तुमी सारं खाली खाली आनून राह्यले. मायची हाक वर जायची, बाबा. सावंगीत तिसऱ्या माळ्यावरच्या पोरी खाली यायच्या तिच्या हाकेनं."

रूपरावांनी मला पुन्हा उघडलं. उतरणारी ओळ त्यांनी शेवटी वर नेली. अंकिता म्हणाली, "हे बी नाई." त्यांनी आणखी वर नेली. असं ऊन कलेपर्यंत चाललं. माझा भाता धापा टाकू लागला, दोघं एकमेकांवर चिडली, धुरपताने आणून ठेवलेला चहा गार झाला. मग एकदा रूपरावांनी वाजवलं आणि अंकिता काहीच बोलली नाही. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली.

तेरवीला ती चाल वाजली. दुःखाच्या घरी न शोभणारी, उंच, थोडी भांडखोर. डोमाजींना ढोलकीवर ती पकडताना दोनदा चुकायला झालं. पण ओळ वर गेली तशा मागे बसलेल्या बायका ताठ झाल्या, आणि एकीने नकळत दाराकडे पाहिलं. कोण येतंय ते बघायला.

नंतर धुरपताने स्पष्टच सांगितलं, की फोनची जास्त गोड होती. रूपराव म्हणाले, असंल. अंकितानेही म्हटलं, की वर जाणारी हाक फोनला सांगितली असती तर त्यानेही तशी केली असती. तेही खरं असेल. पण ती हाक तिला आठवली कशी? बापाने आधी चुकीचं वाजवलं म्हणून.

आता त्या चार चालींचं काय झालं, ते ऐका. रूपरावांनीच तोड काढली. ज्या चालीला धनी नाही ती गावाची, असं ते म्हणाले. मंडळाने त्यांवर देवाचे शब्द बसवले. दर गुरुवारी त्या देवळात होतात, डोमाजी आता बिनघोर ढोलकी वाजवतात, आणि गिरडहून आलेल्या पाहुण्यांनीही त्या उचलल्या. तुम्हीसुद्धा त्या गुणगुणता. बघा, फोनच्या चाली गावभर झाल्या आणि वच्छलाबाईंची मात्र कोणालाच ऐकायला मिळत नाही.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, उंदरांपासून जपा, हे मागणं मी मागणारच होते. पण त्याहून मोठं एक आहे. तुम्ही उद्या फोनकडून गाणी कराल, जरूर करा. फक्त कोणासाठी करत असाल तर त्या माणसाला ओळखणारं, हे नाही असं तोंडावर सांगणारं एक माणूस जवळ बसवा, आणि त्याच्यावर रुसू नका.

आणि आणखी एक. कधी कधी दुपारी देवळात कोणी नसताना रूपराव येतात. खोळ काढतात, माझ्यावर बोटं ठेवतात आणि ती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवतात. भात्याला मात्र हात लावत नाहीत. रीत मोडत नाही, सूर निघत नाही, नुसती पट्ट्यांची टकटक होते. तेव्हा आत येऊन रूपरावांना, आबाजी, पेटी बिघडली का, असं तेवढं विचारू नका.