बासष्टावी चूक

शनिवारी सकाळी साडेनऊला शंकरराव महूहून बसने विजय नगरला आले, तेव्हा त्यांच्या एका हातात शेवेची पिशवी होती आणि काखेत संघदीपची वही. धम्मदीनाने दार उघडलं, "जय भीम बाबा" म्हटलं, पाण्याचा ग्लास दिला आणि चहा ठेवला. सासरे आले म्हणून तिला आनंद झाला नाही आणि कंटाळाही आला नाही. तिला काहीच झालं नाही.

सव्वा वर्षापूर्वी, नऊ सप्टेंबरला, सांवेरच्या रस्त्यावर एका ट्रकने तिच्या नवऱ्याची, संघदीपची मोटरसायकल उडवली आणि तो गेला, तेव्हापासून तिचं हे असंच चाललं होतं. ऑफिसात जायची, काम चोख करायची, घरी येऊन टीव्ही लावायची. आठ-आठ भाग एका बैठकीत संपवायची आणि दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं तर गोष्ट सांगता यायची नाही. सुरुवातीला शेजारच्या बायका म्हणायच्या, रडून घे बाई, मोकळी हो. तिने दोनदा मनापासून प्रयत्नही केला. पण रडू म्हणजे काही नळाचं पाणी नव्हे की तोटी फिरवली आणि आलं. मग बायकांनीच नाद सोडला.

आज मात्र टीव्हीवर साधं काही नव्हतं. 'केस्ट्रल' नावाची अंतराळातल्या एका ठाण्याची मालिका संघदीपचा जीव की प्राण होती. तिचे पाच सीझन त्याने चारदा पाहिले होते आणि त्यातल्या सगळ्या चुका एका लांबड्या वहीत लिहून काढल्या होत्या. आता त्या मालिकेच्या आधीची गोष्ट सांगणारी नवी मालिका आली होती, 'केस्ट्रल : फर्स्ट शिफ्ट'. भाग आठ. शनिवारी चार, रविवारी चार, असा बेत होता.

बेत शंकररावांचा. आणि तो त्यांनी का केला, हे धम्मदीनाला पुरतं ठाऊक होतं. कारण ती त्यांच्याशी खोटं बोलली होती.

बाप-लेकाचं फाटलं होतं ते सासूबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. त्या जाऊन वर्ष झालं म्हणून घरी भंतेजी आलेले, नातेवाईक जमलेले, आणि संघदीप ऑफिसच्या कामात अडकून दोन तास उशिरा पोचला. शंकररावांनी भरल्या घरात त्याला सुनावलं, "तू आला नसतास तरी चाललं असतं." संघदीप जेवला नाही, उलट्या पावली निघाला. चार महिने दोघंही हट्टाला पेटून बसले. दोघांकडे फोन होते, दोघांना नंबर पाठ होते. आणि मग सांवेरचा रस्ता आला.

त्यानंतर जानेवारीतल्या एका रविवारी शंकरराव इथे याच सोफ्यावर बसले होते. भिंतीकडे पाहत त्यांनी विचारलं, "दीना बेटा, त्या सकाळी तो माझ्याबद्दल काही बोलला का ग?" तो काहीच बोलला नव्हता. पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहून ती म्हणून गेली, "हो बाबा. निघताना म्हणाला, केस्ट्रलची नवी मालिका येतेय, ती बाबांबरोबर बघायची. त्यांनाच इकडे बोलावू." शंकररावांनी मान हलवली. तिने संघदीपची वही त्यांच्या हातात दिली आणि ते बस पकडायला गेले.

एवढ्या एका वाक्यावर हा माणूस अकरा महिने जगत होता, आणि ते वाक्य तिचं होतं. खोटं उघडं पडू नये, इतकंच तिला या दोन दिवसांत सांभाळायचं होतं.

शंकरराव महूला फौजेच्या स्टोअरमध्ये बत्तीस वर्षं होते. बूट, पट्टे, तंबूच्या खुंट्या यांची हयातभर मोजदाद केलेल्या माणसापुढे कुणी अंतराळयान ठेवलं तर तो काय करणार? तेही मोजणार. पहिल्याच भागात त्यांनी हात वर केला.

"रोक, रोक. हा चार नंबरचा दरवाजा. पहिले डावीकडे खुलायचा ना?"

"हो. मूळ मालिकेत डावीकडे."

"मग आता उजवीकडे कसा? कब्जे-बिजागऱ्या काय रातोरात बदलल्या?"

ते वहीत वाकले. प्रत्येक पानावर संघदीपने दोन खाने आखले होते. डावीकडे 'चूक', उजवीकडे 'समजूत'. त्याचा नियम होता की चूक सापडली म्हणून नाचायचं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या राहतील असं कारण शोधायचं आणि ते उजवीकडे लिहायचं. उजवा खाना रिकामा सोडायचा नाही. शंकररावांनी सावकाश लिहिलं, 'दरवाजा उलटा'. समोर लिहिलं, 'मधल्या काळात रिपेअर झाला'. आणि आकडा टाकला, त्रेसष्ट.

"बाबा, त्याची शेवटची एकसष्ट होती," धम्मदीना म्हणाली. "आता बासष्ट येईल."

"मला मोजता येतं बेटा," ते म्हणाले आणि वही मिटून मांडीवर ठेवली.

तिने विषय सोडून दिला. वय झालंय, एखादा आकडा इकडे-तिकडे होणारच, असं तिला वाटलं. बत्तीस वर्षांत ज्याची एक खुंटी कमी पडली नाही त्याच्याबद्दल असं वाटणं म्हणजे कमालच, पण तिचं डोकं कुठे ठिकाणावर होतं!

शनिवार असाच गेला. रविवारी सकाळी पोहे झाले, आणि पाचव्या भागात ओरिन नावाचा मेकॅनिक समुद्रात घोटाभर पाण्यात उभा राहिला.

"अरे भिया!" शंकरराव टीव्हीलाच म्हणाले. "हा तर म्हणायचा, मी जन्मात समुद्र पाहिला नाही. त्या आजारी पोरीला म्हणाला होता. संघदीपने लिहिलंय इथे."

"म्हणाला होता."

"मग ये कैसे? याची काय समजूत?"

"खोटं बोलला असेल बाबा. तिने पण समुद्र पाहिला नव्हता ना. तिला एकटं वाटू नये म्हणून बोलला असेल."

बोलल्याबरोबर तिने जीभ चावली. शंकररावांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. उजव्या खान्यात त्यांनी लिहिलं, 'समोरच्याला बरं वाटावं म्हणून', आणि पेनाचं टोपण लावलं.

खरं घोडं अडलं ते सहावा भाग संपल्यावर. मध्येच एक छोटा जोडभाग लागला, मालिका कशी बनली ते सांगणारा. बनवणारी बाई हसत हसत सांगत होती की आम्ही हे इतकं गुप्त ठेवलं, इतकं गुप्त ठेवलं, की गेल्या जानेवारीत जाहीर करेपर्यंत आमच्या घरच्यांनाही पत्ता नव्हता.

धम्मदीना पडद्याकडे बघत राहिली. जानेवारी. संघदीप सप्टेंबरात गेला. सप्टेंबरात जगात कुणालाच जी मालिका माहीत नव्हती, ती बाबांबरोबर बघायची असं तो कसा म्हणेल? तिने ती बातमी तेव्हा जानेवारीतच फोनवर वाचली होती आणि त्याच आठवड्यात बिनदिक्कत त्याच्या तोंडी घातली होती. चुका शोधणाऱ्या माणसाची बायको, आणि एवढी ढोबळ चूक! तिने रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"चहा टाकते," ती म्हणाली.

"बस," शंकरराव म्हणाले.

ती बसली. त्यांनी वही उघडली, पानं उलटली आणि एक पान तिच्यापुढे धरलं. एकसष्टपर्यंत संघदीपचं बारीक तिरकं अक्षर होतं. त्याखाली शंकररावांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं :

बासष्ट. दीना म्हणते, संघदीप जाताना म्हणाला, नवी मालिका बाबांबरोबर बघायची. नव्या मालिकेची बातमी १४ जानेवारीची.

शेजारी हिंदी पेपरातलं बोटभर कात्रण चिकटवलेलं होतं, घडी पडून मऊ झालेलं. उजवा खाना कोरा होता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. हे कात्रण त्या रविवारी माझ्या खिशात होतं. तुलाच दाखवायला आणलं होतं. म्हटलं, त्याच्या आवडीचं आहे, दीनाला बरं वाटेल. काढणारच होतो, इतक्यात तू बोललीस."

"मग तेव्हाच का नाही म्हणालात?"

"काय म्हणू? त्याच्या तोंडून माझं नाव ऐकून किती दिवस झाले होते. मी ऐकून घेतलं." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला. "पण ये खाना मुझसे भरा नहीं बेटा. अकरा महिने झाले. त्याचा रूल आहे, रिकामा सोडायचा नाही. तू भर."

त्यांनी पेन पुढे केलं. धम्मदीनाने ते घेतलं. तिला लाज वाटायला हवी होती, भीती वाटायला हवी होती. पण नेहमीसारखंच आत सगळं सपाट होतं. खोटं सांभाळण्यात आता अर्थ नव्हता. म्हणून तिने सरळ लिहिलं :

तो काही म्हणाला नव्हता. बाबांनी यावं, असं मला वाटत होतं.

दुसरं वाक्य तिने केवळ खाना भरायला लिहिलं होतं. लिहून झाल्यावर तिने ते वाचलं, आणि ते खरं आहे हे तिला तेव्हा कळलं.

शंकररावांनी वही जवळ घेतली. बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे बोलावणं खरं होतं."

"हो."

"बोलावणारी तू होतीस."

"हो बाबा."

त्यांनी मान हलवली. स्टोअरमध्ये माल जुळला की करत असतील तशी कडेला एक खूण केली. मग टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे पाहत म्हणाले, "आणि तो खरंच काही म्हणाला नाही?"

"तुमच्याबद्दल नाही बाबा."

"मग काय म्हणाला होता?"

हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. काय झालं, कसं झालं, ट्रकवाला सापडला का, सगळ्यांनी विचारलं होतं.

"सिलिंडर येईल, घेऊन ठेव म्हणाला."

शंकररावांनी पडद्यावरची नजर तिच्याकडे वळवली.

"आला होता?"

"हो," धम्मदीना म्हणाली. "आला होता. अकरा वाजता. मी घेतला."

आणि ती रडायला लागली. आवाज करून, नाकातोंडातून, सव्वा वर्षाचं एकदम. शंकरराव जागचे उठले नाहीत, रडू नको म्हणाले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, बासष्टच्या खाली समासात लिहिलं, 'सिलिंडर मिळाला, ११ वाजता', आणि वही उघडीच मांडीवर धरून ते तिचं आवरायची वाट बघत बसले.