मालू धवलारणीची बोटं आणि राखबाबाची पुडी

गुरुवारी सकाळी पनवेलच्या एका मंगल कार्यालयात राखबाबाच्या दरबाराला मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर मालू धवलारीण बसली होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी, तांदळाच्या पिठाचा चौक काढणारी ही बाई. महिन्यापूर्वी तिच्या सुजलेल्या बोटांना चिमूटभर पीठ धरवत नव्हतं. आज तिने भराभर चौक काढला आणि बायकांनी हात जोडले.

"बघा!" राखबाबा गरजला. "डॉक्टरांची सुई शरीराची लढायची ताकद मारते, आमची राख ती जागी करते! हिमालयातल्या सात धुन्यांची राख आहे ही!" सात धुन्या म्हणे! पण पुड्यांसाठी अशी झुंबड उडाली की विचारू नका.

मागे अंकिता उभी होती. ती मालूची लेक, तळोज्याच्या एका कारखान्यात औषधं तपासणारी. आईचा संधिवात साधा नव्हता. रोगाशी लढणारी शरीराची फौजच तिच्या सांध्यांवर तुटून पडत होती. सूज पेटवत ठेवणाऱ्या प्रथिनांना अडवणारं इंजेक्शन दर पंधरा दिवसांनी घ्यायचं, आणि त्यावर वर्षभर बोटं छान चालली होती. मग लग्नसराई आली. "मांडव सोडून सुई टोचीत बसू काय?" म्हणत मालूने दोन इंजेक्शनं चुकवली. भर मांडवात चौक अर्धा राहिला. त्या लाजेने ती बाबाकडे गेली, पुडी घ्यायला लागली, आणि दोन दिवसांत सूज उतरली. अंकिताच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती, पण आईचं हसू पाहून ती गप्प बसली. आता तेच गप्प बसणं तिला खात होतं. आईचा चेहरा गोल गरगरीत होत चालला होता.

त्याच संध्याकाळी कमळाकरमामा चक्कर येऊन कोसळला. मालूचा थोरला भाऊ, मधुमेही. बहिणीची बोटं पाहून त्यानेही गुडघ्यांसाठी पुडी सुरू केली होती. साखर पाचशेच्या वर गेली होती. त्याला अतिदक्षता विभागात ठेवलं.

अंकिताने घरातली पुडी कागदावर उलटी केली. राखेत पांढरे कण होते. भिंगाखाली त्यातल्या एका तुकड्यावर सरळ खाच दिसली, गोळी अर्धी मोडण्यासाठी असते तशी. राखेला कुठून आली खाच? कारखान्यातल्या साहेबांच्या परवानगीने तिने तिथल्या प्रयोगशाळेत तपासणी केली आणि निकाल हातात घेऊनच घरी आली.

"आई, हे स्टेरॉइड आहे. गोळ्या कुटून राखेत मिसळल्यात. सूज झटक्यात दबते. डॉक्टरही देतात, पण मोजून, साखर बघून. तुझा चेहरा यानेच गोल झालाय, आणि मामाची साखरही यानेच भडकली."

मालूने आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. "म्हंजे माजी बोटं बगून दादा गेला तिकडं?"

"हो," अंकिता म्हणाली.

पुढच्या गुरुवारी मालू पुन्हा मंचावर बसली. पिठाची वाटी तिने बाजूला सारली. "आज चौक नाय काढनार. या राखेत गोल्या कुटल्यान हायेत. माज्या लेकीनं तपासलंय."

"बाईची श्रद्धा ढळली!" बाबा ओरडला. "घ्या खाली तिला!"

"पण मावशी, गुण तर आला ना?" रांगेतून एक बाई म्हणाली.

"आला. गोलीचा आला. तीच गोली माज्या दादाला आडवा करून गेली." मालूचा आवाज फाटला. "तुमच्यात कोनाला साखर हाय, कोनाला बीपी, याला ठावं तरी हाय का? इचारलं यानं कुनाला? जे घेतायत त्यांनी एकदम बंद करू नका, त्यानंबी जीव जातो. पुडी घेऊन आजच डॉक्टरकडं जा. आनि कुनी काय बी देवो, आत काय हाय ते इचारल्याबिगर तोंडात घालू नका."

चारपाच जणी रांगेतून बाहेर पडल्या. बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत. मालू खाली उतरली आणि त्या रांगेतल्या पहिल्या बाईसमोर जाऊन उभी राहिली.

"बाय, दादा माजा अजून डोले उघडत नाय," ती म्हणाली. "मी इचारलं नाय. तू इचार."