मावशीची तक्रार खिडकी

मावशी नाकावर माशी बसू देत नाही, हे सगळ्या खानदानाला ठाऊक. वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीत तिनं उमेदीची वर्षं घालवली आणि पंचेचाळिशीत इंग्रजी शिकवण्याचा कोर्स केला. पहिल्या वर्गात पास झाली, बिनपगारी रजा टाकली आणि थेट परदेशात, भाचीच्या दारात बॅगा घेऊन हजर. रजा संपायच्या आत नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर पुन्हा तीच खिडकी, थेट निवृत्तीपर्यंत.

तीन शाळांनी तिला वाटेला लावलं होतं. का, तर तुमची मातृभाषा इंग्रजी नाही. भाचीचं तोंड उतरलं, मावशीचं नाही.

"अगं, ज्यांना ती आयती मिळाली त्यांना शिकण्यातले हाल काय ठाऊक? मी भोगलेत."

चौथ्या शाळेच्या संचालकानं मात्र डेमो तास घ्यायला बोलावलं, तेही आधीचा शिक्षक ऐनवेळी सोडून गेला म्हणून.

वर्गात होती दिवसभर राबून संध्याकाळी शिकायला आलेली मोठी माणसं. एक न्हावी, एक नर्स, दोन ड्रायव्हर, एक बेकरीवाला. संचालक मागच्या बाकावर पेन सरसावून बसला. मावशीनं रंगीत चित्रं लावली, हसतमुखानं प्रश्न विचारले. सगळे मिठाची गुळणी धरून. पुन्हा विचारलं, तर न्हावी बुटाच्या लेसकडे बघायला लागला आणि संचालक घड्याळाकडे. झालं, म्हटलं मावशीनं मनात, आता गुंडाळा गाशा.

आणि मग तिला आठवलं, खिडकीवर कधी कुणी गप्प उभं राहिलंय का? घरी बायकोपुढे ब्र न काढणारेसुद्धा वीज गेली की तिच्यापुढे भडाभडा बोलायचे.

तिनं चित्रं गुंडाळली, टेबल आडवं ओढलं, त्यामागे बसली आणि खणखणीत इंग्रजीत सांगितलं की ही तक्रार खिडकी आहे, रांग लावा. इंग्रजी चुकलं तर चालेल, तक्रार खरी पाहिजे.

नर्स पुढे आली. तिच्या वरच्या मजल्यावरचा शेजारी पहाटे फर्निचर सरकवायचा. न्हाव्याची गिऱ्हाइकं अर्धे केस कापून झाल्यावर विचार बदलायची. मावशी प्रत्येकाला कधीपासून, मग तुम्ही काय केलंत, असं खोदून खोदून विचारायची आणि आणखी चार वाक्यं काढून घ्यायची. बेकरीवाला अडला तेव्हा मागच्या ड्रायव्हरनं शब्द पुरवला. त्यावरून रांगेतच जुंपली, तीही इंग्रजीत. मावशीला इतका आनंद झाला की विचारू नका. जिला इतकी वर्षं शिव्या घातल्या, ती खिडकीच मदतीला धावली होती.

मग तिनं संचालकालाही रांगेत बोलावलं. सगळे हसले. तोही ओशाळून हसला आणि बेकरीवाल्यामागे उभा राहिला. गंमत म्हणून बोलायला लागला, पण बोलता बोलता त्याचा आवाज बदलला. शिक्षक येतात, म्हणाला, या लोकांना लळा लावतात आणि वर्ष सरायच्या आत निघून जातात. ते गेल्याचं दर वेळी या सगळ्यांना मला सांगावं लागतं.

खिडकीवर मावशीचं उत्तर ठरलेलं असायचं, तक्रार वर पाठवली आहे, वाट बघा. आज तिनं ते दिलं नाही.

"ही तक्रार माझ्या हातातली आहे," ती म्हणाली. "सोमवारी किती वाजता येऊ?"

संचालकानं पेन खिशात ठेवलं आणि वेळ सांगितली.