सात नंबरचा हातोडा

त्र्याहत्तर साली पाऊस मनासारखा झाला आणि दिवाळी उलटली तसा सीनेकाठच्या बाभूळबनात तोडीचा हुकूम आला. सगळं बन नव्हे, तीनशेच झाडं. दुष्काळाच्या दोन वर्षांत आसपासच्या पाच गावांतल्या लोकांनी नांगर-कुळव मोडून चुलीत घातले होते. आता जोंधळा कमरेला लागला होता, पण पुढच्या नांगरटीला औत कुठून आणायचं याची चिंता होती. म्हणून बनातली जुनी झाडं तोडून शेतकऱ्यांना घरटी एकेक द्यायचं ठरलं.

कोणती झाडं तोडायची ते बघून त्यांच्यावर शिक्का मारायचं काम वनपाल यशया साळवे याचं. यशया देवळाली प्रवरेचा, उसाच्या मुलखातला. चार वर्षांपूर्वी या कोरड्या भागात बदली झाली तेव्हा बाभळी बघून त्याचं तोंड वाकडं झालं होतं. पण दुष्काळात हेच बन त्यानं जिवापाड राखलं. शेळ्यांना शेंगा आणि चुलीला वाळकी काटकी एवढं नेऊ दिलं, उभ्या झाडाला कुऱ्हाड लागू दिली नाही. त्यापायी त्यानं शिव्याही पुष्कळ खाल्ल्या. आता त्याच झाडांवर तोडीचा शिक्का मारताना त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण तो खुशीत होता. झाडाला दोरी गुंडाळून घेर मोजायचा, खोड पोकळ तर नाही ना म्हणून ठोकून ऐकायचं आणि मनाशी म्हणायचं, यातून एक नांगर, एक जू आणि वर दोन खुंट निघतील.

शिक्क्याचा हातोडा कचेरीतून सही घेऊन मिळालेला होता. खोडावरची साल तासून हातोडा जोरानं मारला, की लाकडात गोल उमटायचा आणि गोलात सात हा आकडा. तो शिक्का असलेलं लाकूड तेवढं रानाबाहेर जाणार. हातोडा हरवला तर चौकशी, आणि चौकशीत काय होईल ते कोण सांगणार? म्हणून यशया रात्री तो उशाला घेऊन झोपायचा. त्याची बायको सारा हातोड्याला सवत म्हणायची.

बुधवारी दुपारपर्यंत एकशे चाळीस झाडं झाली. यशया आणि त्याचा गार्ड गोरक्ष ओढ्याजवळ भाकरी खायला बसले. हातोडा यशयानं शेजारच्या झाडाच्या बेचक्यात अडकवला होता. गोरक्षनं पाय सैल सोडून तंबाखू मळली, आळस दिला आणि हातातली काठी वरच्या फांदीला टेकवली. त्या फांदीला आग्या मोहोळ होतं. पुढं काय झालं ते दोघांनाही धड सांगता आलं नसतं. भाकरी, पाण्याची बाटली, यशयाची टोपी सगळं तिथंच राहिलं आणि दोघं नदीच्या डोहात गळ्यापर्यंत बुडून बसले. तासाभरानं माशा निवाल्या. सुजलेल्या तोंडानं दोघं झाडाखाली परत आले तेव्हा टोपी होती, बाटली होती, बेचका रिकामा होता.

दोन दिवस त्यांनी ओढा, झुडपं, गवत सगळं पिंजून काढलं. गावात मात्र ब्र काढला नाही. सोमवारी रेंजर काळदातेसाहेब शिक्के तपासायला येणार होते, आणि साहेब कडक म्हणून तीन तालुक्यांत माहीत होते. सारानं नवऱ्याच्या गालाला हळद लावता लावता सांगितलं, की आजच्या आज साहेबांना चिठ्ठी लिहा. यशया म्हणाला, उद्या लिहितो. चिठ्ठी लिहिली, की तो खरंच हरवला असं होणार, आणि तेवढं त्याच्यानं होईना.

शनिवारी सकाळी तो गोरक्षला घेऊन चिंचधोंड गावात गेला. कुणी कोऱ्या शिक्क्याची लाकडं नेताना दिसतंय का, एवढंच बघायचं होतं. वेशीपासच्या पहिल्याच घरात छबूबाई तिखट कांडत होती. मुसळ वर गेलं की यशयाला त्याच्यावर कसलीशी खूण दिसायची, खाली आलं की दिसेनाशी व्हायची. तिसऱ्या खेपेला त्यानं तिला थांबायला सांगितलं आणि मुसळ हातात घेतलं. अंगाला गोल, गोलात सात.

छबूबाई घाबरली नाही. उलट कौतुकानं म्हणाली, की आमच्या आळीत सगळ्यांनीच मारून घेतलंय, झुंबरबाईनं कुणाला न्हाई म्हटलं न्हाई.

यशया आळीनं चालत गेला. खाटेच्या पायावर सात. गाडीच्या जुवावर सात. दाराच्या चौकटीला सात, आणि शेजारच्या दाराला तर दोनदा, कारण पहिल्यांदा नीट उठला नव्हता म्हणे. एका म्हशीच्या खुंटावरही होता. यशयाला सोमवारची धास्ती वाटत होती आणि त्याच वेळी हसूही येत होतं, आणि सुजलेल्या तोंडानं हसायचं तर दुखत होतं.

झुंबरबाई आळीच्या टोकाला राहायची. साठीची, काटक बाई. मुलगा, सून आणि दोन महिन्यांचा नातू घरात. यशयाला बघून तिनं आत जाऊन हातोडा आणला आणि त्याच्या हातात दिला. लोखंडाला तेल लावून ठेवलं होतं.

"किती दिस वाट बघायची तुमची," ती म्हणाली. "गवताला गेल्ते, तवा झाडाला घावला. तुमच्या त्या गार्डाला द्यावा म्हणून दोनदा गेले, तर मला बघून दोनदा पळाला."

गोरक्ष मागंच उभा होता. त्यानं मान खाली घातली. गेल्या उन्हाळ्यात त्यानं या बाईच्या डोक्यावरचं बाभळीचं लाकूड उतरवून घेतलं होतं. ती भांडायला येतेय असं समजून तो दोन्ही वेळा जोंधळ्यात शिरला होता.

यशयानं विचारलं, की आजी, हातोडा ठेवलात ते ठीक, पण हे गावभर शिक्के कशाला मारले?

"त्योच बोलला हुता," झुंबरबाईनं गोरक्षकडं बोट केलं. "शिक्का न्हाई ते लाकूड सरकारचं, शिक्का हाय ते तुझं. माझ्या सासऱ्यानं केलेला पाळणा हाय. त्याच्यावर कुठं शिक्का हुता? उद्या त्यो बी उचलून न्याल. मग म्हटलं, हातोडा घावलाच हाय तर आपलं आपलं करून घ्यावं. बनातल्या एका काटकीला हात लावला न्हाई."

गोरक्ष तसं बोलला होता हे खरं होतं, आणि बाईनं ते शब्दाला शब्द खरं मानलं होतं.

आता एकशे साठ झाडं बाकी होती आणि हातात एकच दिवस; निघताना यशया ते झुंबरबाईजवळ बोलून गेला. रविवारी सकाळी घरची उपासना आटोपून यशया बनात आला तर झुंबरबाईचा मुलगा कानिफनाथ पंचवीस-तीस माणसं घेऊन उभा. बायकांनी झुडपं बाजूला धरली, माणसांनी साली तासल्या, कुणी दोरी धरून घेर मोजला. यशया आकडा ऐकायचा, खोड ठोकायचा आणि हातोडा मारायचा. झाड पोकळ निघालं तर तो पुढं जायचा आणि लोकही मुकाट पुढं जायचे. दुपारी साराही डबा घेऊन आली आणि डबा सगळ्यांत वाटला गेला. दिवस बुडायच्या आत तीनशेवं झाड झालं. यशयाचा खांदा उचलत नव्हता.

सोमवारी काळदातेसाहेबांनी झाडं तपासली. एकही खोट निघाली नाही. साहेब जीपकडं वळले, तेवढ्यात यशयानं त्यांना थांबवलं. नसतं सांगितलं तरी चाललं असतं. गोरक्ष त्याला मागून बाही ओढून तेच सुचवत होता. पण यशयानं मोहोळापासून म्हशीच्या खुंटापर्यंत सगळं सांगून टाकलं. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी फक्त विचारलं, की आळी कुठली.

साहेब पुढं, मागं यशया, गोरक्ष आणि निम्मं गाव. प्रत्येक शिक्क्यापाशी साहेब थांबायचे, वाकून बघायचे आणि पुढं जायचे. शेवटी झुंबरबाईच्या घरात आले. पाळण्यात नातू झोपला होता आणि उशाकडच्या पट्टीवर सात आकडा ठसठशीत उठला होता, बनातल्या कुठल्याही झाडाहून चांगला. साहेबांनी सुताराला बोलवायला सांगितलं. सगळे शिक्के तासून काढायचे, आजच, माझ्यासमोर.

झुंबरबाई पाळण्यापुढं उभी राहिली.

"तासा की," ती म्हणाली. "पर तासल्यावर ह्ये लाकूड कुणाचं?"

"तुमचंच, आजी."

"मग तसं लिहून द्या, सायब."

साहेबांनी त्या बाईकडं पाहिलं, पाळण्याकडं पाहिलं, मग खिशातून वही काढून पान फाडलं आणि उभ्यानंच लिहिलं, की सदर पाळणा, उखळ, खाट व दाराची चौकट ही झुंबरबाई यांची स्वतःची असून त्यावर सरकारचा हक्क नाही. खाली सही, तारीख. झुंबरबाईनं चिठ्ठी यशयाकडून दोनदा वाचून घेतली आणि मग सुताराला वाट दिली.

पण आता छबूबाईलाही चिठ्ठी हवी होती, आणि शेजारच्यांना, आणि म्हशीवाल्याला. साहेब मारुतीच्या पारावर बसले. सुतार एकेक शिक्का तासत होता आणि साहेब एकेक चिठ्ठी लिहीत होते. सतरा घरांच्या सतरा. म्हशीच्या खुंटाशी आले तेव्हा त्यांची लेखणी थांबली, खांदे हलायला लागले, आणि तीन तालुक्यांत कडक म्हणून माहीत असलेला हा माणूस डोळे पुसेपर्यंत हसला. नंतर त्यांनी चहा मागितला, आणि तो झुंबरबाईच्या घरूनच आला.

यशयाला व्हायची ती शिक्षा झाली. आठ दिवसांनी कचेरीतून लेखी ताकीद आली, की सरकारी वस्तू झाडाला अडकवून भोजनास बसू नये. त्यानं सही करून एक प्रत परत पाठवली. पण ताकीद आली त्या दिवशी त्याला वाचायला सवड नव्हती, ती आधी सारानंच वाचली. बनात पाच गावांच्या गाड्या लागल्या होत्या. कुणाला सरळ खोड हवं होतं, कुणाला नांगरासाठी वाकडंच हवं होतं, आणि दोघांच्या मध्ये उभा राहून यशया झाडं दाखवत होता. गोरक्ष झुंबरबाईच्या गाडीवर ओंडका चढवायला खांदा देत होता, ती त्याला नीट धर म्हणून दरडावत होती आणि तो व्हय, व्हय म्हणत होता.

पुढं महिनाभर सीनेच्या काठानं कुठल्याही गावात गेलं तरी सुताराच्या घरापुढं ओल्या बाभळीच्या ढलप्यांचा ढीग दिसायचा. यशया सायकलवरून उतरून तिथं घटकाभर थांबायचा, एखादं नांगराचं खोड हातानं चाचपून बघायचा आणि शीळ घालत पुढच्या गावाला निघायचा.