रविवारची सही

“तोल कसा सांभाळावा हे शिकायचं असेल तर लांब जायला नको,” पाळकसाहेब म्हणाले, “तिसऱ्या बाकावर बघा.”

सगळ्या मंडळीने तिसऱ्या बाकाकडे बघितलं. तिथे राखाडी सूट घालून बसलेला माणूस इस्पितळाच्या धुलाईखान्यात बॉयलर चालवायचा. बॉयलरखान्यात त्याला पास्टरबुवा म्हणत, चर्चच्या कारभारी मंडळात तो पंच होता. अकरा वर्षांत त्याची एकही उपासना चुकली नव्हती. सहा दिवस काम, संध्याकाळी घर, रविवारी देव, ज्याचं त्याला. पाळकसाहेब हे सांगत होते तेव्हा शेजारी बसलेली बायको जरा ताठ झाली. एरवी त्यालाही हे कौतुक आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं. आज मात्र त्याला ते ऐकवत नव्हतं, कारण सकाळी सहा वाजता त्याने एक ग्लास फुटताना पाहिला होता.

त्याचं असं होतं. रविवारची सकाळची पाळी खरं तर पास्टरबुवाची. पण ती करायचा लंबू, त्याचा रात्रपाळीचा जोडीदार. शनिवारी रात्री दहाला आलेला लंबू सकाळी सहाला घरी जायच्या ऐवजी दुपारी दोनपर्यंत थांबायचा. बदल्यात पास्टरबुवा दर बुधवारी लंबूची रात्रपाळी करायचा. फिट्टंफाट. वरच्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणून पास्टरबुवा रविवारी सकाळी सायकलवरून यायचा, हजेरीवहीत सही ठोकायचा आणि अंघोळीला घरी परतायचा. देवाचा दिवस पाळायचा म्हणून देवाच्याच दिवशी खोटी सही. ही गंमत अकरा वर्षांत एकदाही त्याच्या लक्षात आली नाही. माणूस भाबडा म्हणायचा की बेरकी, तुम्हीच ठरवा.

चार महिन्यांपूर्वी लंबूच्या बायकोला अर्धांगवायू झाला. तेव्हापासून तो दिवसभर तिचं करायचा आणि रात्री बॉयलरवर यायचा. झोपतोस कधी, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्यात महिन्याभरापूर्वी, पाणी कमी झालं की आग आपोआप बंद करणारा स्विच बिघडला. दोनदा लेखी तक्रार गेली. दुरुस्तीवाला येईपर्यंत स्विच सोडून वायर थेट जोडा, असा निरोप आला. आता बॉयलरच्या पोटात पाणी किती, हे फक्त समोरच्या उभ्या काचेच्या नळीवरून कळायचं. ती बघायला कुणाचे तरी डोळे उघडे लागतात.

आज सकाळी लंबूने चहाचा ग्लास टेबलावर ठेवला तो टेबलाच्या वीतभर अलीकडे, हवेत. ग्लास फुटला. लंबू नुसता तुकड्यांकडे बघत राहिला.

“बरा आहेस ना रे?”

“आहे. तू नीघ, तुला उशीर होईल.”

“वहिनींसाठी प्रार्थना करतो हां. तुझ्यासाठीही करतो.”

“कर,” लंबू म्हणाला.

आणि हा सही करून निघाला होता.

आता प्रभुभोजनाची वेळ झाली. भाकर घेण्याआधी ज्याने त्याने स्वतःला तपासावं, पाळकसाहेब दर महिन्याचंच बोलले. आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर आधी उठून त्याच्याकडे जावं. हे ऐकलं की पास्टरबुवा मनातल्या मनात नातेवाईक चाळून काढायचा. थोरल्याशी बोलणं आहे, मेव्हण्याशी मिटलंय, झालं. आज नातेवाईक आठवलेच नाहीत. भाकरीचं तबक दुसऱ्या बाकावर आलं तसा तो उठला.

बायकोने बाही धरली. “अहो, कुठे निघालात?”

“बॉयलरवर.”

“आत्ता? सगळे बघतायत.”

“बघू दे,” तो म्हणाला, आणि बाही सोडवून घेतली.

सायकलवर त्याने प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण शब्द जुळेनात. नुसतं ‘प्रभू, तो जागा असू दे, तो जागा असू दे’ एवढंच येत राहिलं. इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी त्याने कान दिला. बर्नर नेहमीसारखा घोंघावत होता. पाण्याच्या पंपाचा आवाज मात्र नव्हता. शेजारच्या इस्त्रीखान्यात चारजणी चादरींच्या घड्या घालत हसत होत्या. दार उघडलं तर तापलेल्या रंगाचा वास आला.

लंबू स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून झोपला होता. वाफेचा काटा जागेवर होता. काच रिकामी होती. वर नाही, खाली नाही, पाण्याची रेघ कुठेच नव्हती.

त्याने आधी बर्नर बंद केला, मग तेलाची चावी आवळली. मग इस्त्रीखान्याच्या दारात जाऊन अगदी साध्या आवाजात म्हणाला, “पोरींनो, हातातलं टाका आणि फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहा. पळायचं नाही, पण थांबायचंही नाही.” त्याचा चेहरा बघून एकीनेही का म्हणून विचारलं नाही.

बर्नर थांबल्याच्या शांततेने लंबूला जाग आली. त्याने काच पाहिली आणि तीरासारखा पंपाच्या बटणाकडे धावला. पास्टरबुवाने त्याचं मनगट वरच्यावर पकडलं.

“पाणी घालू नको.”

“अरे, कोरडा पडलाय.”

“म्हणूनच. तापलेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं तर तू, मी, ही भिंत, काही उरायचं नाही. चल बाहेर.”

मनगट न सोडता पास्टरबुवाने लंबूला कुंपणापर्यंत नेलं. मग दोघे उभे राहिले. करण्यासारखं काहीच नव्हतं. आत लोखंड निवत होतं, अधूनमधून कडकड वाजायचं, आणि दर वेळी दोघे दाराकडे बघायचे. असा पाऊण तास गेला. आता वॉर्डातल्या खिडक्या उघड्या दिसत होत्या आणि एक म्हातारा पेशंट तिथून खाली बघत होता.

“तू इकडे कसा?” लंबूने विचारलं.

“तू झोपला असशील असं वाटलं.”

“सकाळी नाही वाटलं?”

पास्टरबुवाने टायची गाठ सैल केली.

“वाटलं होतं तुला. ग्लास फुटला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, मग घड्याळाकडे बघितलंस.” लंबूचा आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. “चार महिने ऐकतोय, तुझ्यासाठी प्रार्थना करतो, तुझ्यासाठी प्रार्थना करतो. त्यापेक्षा एखादा रविवार झोपू दिला असतास.”

पास्टरबुवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा वर्षं ज्याला तो स्वतःचा तोल म्हणत होता, तो या माणसाच्या मानेवर उभा होता. “चुकलो रे,” एवढंच तो म्हणाला, आणि ते फार तोकडं पडलं हे त्याचं त्यालाच कळलं.

बाराच्या सुमारास निरोप मिळून इंजिनिअर आला, काच बघून पांढरा पडला आणि हजेरीवही मागवली.

“ड्यूटी कुणाची होती?”

लंबूने तोंड उघडलं. पास्टरबुवा मध्येच बोलला, “माझी. सही माझी आहे.”

“आणि तू होतास कुठे?”

“उपासनेला. अकरा वर्षं असाच जातोय. याची ड्यूटी सहालाच संपली होती साहेब, माझ्या शब्दाखातर थांबला. आणि स्विचची तक्रार दोनदा दिली होती, तेही लिहून घ्या.”

इंजिनिअरने त्याच्या सुटाकडे, टायकडे बघितलं. “लायसन्स जाईल तुझं. नोकरीही राहील असं वाटत नाही.”

“हो.”

“घरी कोण कोण आहे?”

“बायको आहे. मुलगी कॉलेजात आहे.”

इंजिनिअर वही काखेत मारून गेला.

पास्टरबुवा घरी गेला नाही. लंबूच्या मागोमाग त्याच्या घरी गेला. लंबू उंबऱ्यापर्यंत नको नको म्हणत होता. बाहेरच्या खोलीत जमिनीवर तो बुटांसकट आडवा झाला तो झालाच. सकाळपासून बसून राहिलेली शेजारीण सुटल्यासारखी निघून गेली.

आतल्या खोलीत लंबूची बायको खाटेवर होती. पास्टरबुवाने कोट काढला, टाय काढला, बाह्या वर केल्या. चमच्याने पाणी पाजलं, अर्धं तोंडात गेलं, अर्धं उशीवर. उशी बदलली. कूस बदलताना तिचा निर्जीव हात खाली राहिला होता तो हळूच ओढून काढला. या सगळ्याला अर्धा तास लागला आणि त्याची पाठ धरली. लंबू हे दिवसातून किती वेळा करत असेल, याचा हिशोब त्याने केला नाही, त्याची हिंमत झाली नाही.

चार वाजले. चर्चमधून घरी पोचलेली बायको वाट बघत असेल. तिला उद्याचं काय सांगायचं, मुलीला काय सांगायचं, हे त्याला सुचत नव्हतं. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. तो खाटेशेजारी बसून राहिला.

वहिनींनी डोळे उघडले. शब्द तिरके, तुटत तुटत आले. “ते... झोपले?”

“झोपलेत.”

ती दाराकडे कान देऊन ऐकत राहिली. मग चांगला हात जरासा उचलून म्हणाली, “उठवू नका हां.”

“नाही उठवत, वहिनी.”