दाढेचा एक कोपरा

ताईच्या उजव्या हातावरून वारं गेलं, त्याला वर्ष होत आलं होतं. हात हळूहळू परत आला, पण ताईचा त्याच्यावरचा विश्वास काही परत आला नाही. ती दातांची डॉक्टर. ज्या हाताने तिने लोकांच्या किडक्या दाढा वाचवल्या, त्याच हाताने चहाचा कप उचलताना आता ती आधी डाव्या हाताकडे बघायची.

तिचा धाकटा भाऊ एका लहानशा कंपनीत प्रोग्राम लिहायचा. चांगला बाप्या झाला होता, डोक्यावर टक्कल पडू लागलं होतं, तरी ताईच्या तोंडी तो बारक्याच. आईबाप लवकर गेले तेव्हा तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं आणि कधी बोलूनही दाखवलं नाही. त्याच्या कंपनीत दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी सरावाचं यंत्र तयार होत होतं. पडद्यावर दाढ दिसायची, हातात ड्रिलसारखी दांडी असायची आणि दाढेला टेकली की दांडी खऱ्यासारखी अडायची. यंत्र उभं राहिलं त्या दिवशी बारक्याला पहिली आठवण ताईची झाली. तो तिला रोज दुपारी ऑफिसात आणून बसवू लागला.

सुरुवातीला बरं चाललं. मग ताईने नाक मुरडलं. "ही दाढ आहे की साबणाची वडी? ड्रिल आत कुठे गेलं ते कळतच नाही."

बारक्याने तिच्यासाठी खूप बारीक कणांची नवी दाढ घातली. दिसायला अगदी हुबेहूब. पण त्या दिवसापासून ताईचा हात बिघडला. खड्डा गोल कोरायला जावं, तर मध्येच ड्रिल उडी मारायचं आणि कवचाचा टवका उडायचा. बारक्या बघायचा आणि मान दुसरीकडे वळवायचा. बोलून तिला दुखवायचं कशाला, असं त्याला वाटे.

शेवटी एका दुपारी ताईने दांडी खाली ठेवली. "बारक्या, पुरे झालं. दवाखान्यातली खुर्ची विकायची म्हणते. संध्याकाळी एक जण बघायला येणार आहे."

"ताई, अजून थोडे दिवस..."

"थोडे दिवस काय? रोज बघतोस ना? उद्या खऱ्या माणसाच्या तोंडात हा हात असा उडाला तर?" एवढं बोलून ती तोंडावर पाणी मारायला गेली.

शेजारच्या टेबलावर चिकटकाका बसत. ऑफिसातले सगळ्यात जुने. कॉम्प्युटरची इवलीशी जागा कुणी वाया घालवली तरी त्यांचा जीव खालीवर होई, म्हणून हे नाव. ते उठून आले आणि त्यांनी दांडी हातात घेतली. त्यांचा हात दगडासारखा स्थिर. तरी दाढेला टेकताच ड्रिलने उडी मारली.

"माझ्याही हातावरून वारं गेलं वाटतं," काका म्हणाले.

नवी दाढ घातल्यापासून बारक्याने एकदाही दांडी स्वतः धरून बघितली नव्हती. ताईच्या हाताबद्दल त्याला शंका आली, आपल्या प्रोग्रामबद्दल आली नाही.

काकांनी प्रोग्राम चाळला. पडद्यावरची दाढ म्हणजे लांबी, रुंदी, खोली अशी तिन्ही बाजूंनी रचलेली कणांची रास. प्रत्येक कणापाशी आकडे असतात, तो किती टणक आहे आणि त्यावर उजेड कसा पडतो याचे. या राशीला त्यांच्या धंद्यात त्रिमितीय टेक्स्चर म्हणतात आणि ती ग्राफिक्स कार्डात, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागात, ठेवलेली असते. ड्रिलने चिमूटभर कण खरवडले की बारक्याचा प्रोग्राम अख्खी दाढ नव्याने कार्डाकडे पाठवत होता. जुनी दाढ लहान होती, म्हणून निभावलं. नवी पाठवताना पडदा आणि दांडी दोन्ही क्षणभर थबकायची. ताईचा हात मात्र पुढे गेलेला असायचा आणि त्याला गाठायला ड्रिल उडी मारायचं.

"अरे शहाण्या," काका म्हणाले, "सदऱ्याचं बटण तुटलं तर तू सगळा सदरा नवा शिवतोस का?"

बारक्या कामाला लागला. कार्डाला आता फक्त बदललेला तुकडा द्यायचा. तो दाढेत कुठून सुरू होतो, किती लांब, किती रुंद, किती खोल, एवढं सांगायचं. बाकीच्या दाढेला हात लावायचा नाही. ताई तोंड धुऊन, खाली चहा घेऊन बऱ्याच वेळाने परत आली, तेव्हा त्याने दांडी तिच्या पुढ्यात धरली.

"एकदाच. मग खुर्ची वीक, नाहीतर मला वीक."

"तुला कोण घेणार? गिऱ्हाईक परत आणून सोडेल," ताई म्हणाली आणि बसली.

ड्रिल दाढेत शिरलं. उडी नाही, धक्का नाही. खड्डा लोण्यात बोट फिरवल्यासारखा उतरू लागला. एकदा कडेला हलकीशी थरथर उमटली.

"ही माझी," ताई लगेच म्हणाली. "हिची ओळख आहे मला. कोपर टेकवलं की थांबते." तिने कोपर टेकवलं. थरथर थांबली.

मग ती पडद्याजवळ वाकली. खड्ड्याभोवती कवचावर एक केसाएवढी सरळ रेघ दिसत होती. बारक्या धास्तावला. आता ही पुन्हा स्वतःला दोष देणार.

"ही चीर मात्र माझी नाही," ताई म्हणाली. "दात असा पट्टीने आखल्यासारखा तडकत नसतो. ही तुझी आहे."

वर्षभरात पहिल्यांदाच तिने चुकीचं खापर आपल्या हातावर फोडलं नव्हतं. बारक्याला इतकं भरून आलं की चीर कसली, हे त्याला क्षणभर सुचेनाच. मग लक्षात आलं. कणावरचा उजेड त्याच्या शेजारच्या कणांवरून ठरतो. तुकड्यातले कण बदलले, पण त्याला लागून असलेले बाहेरचे कण जुनाच उजेड धरून बसले होते. त्याने तुकडा सगळ्या बाजूंनी एकेक थर मोठा केला आणि त्या शेजाऱ्यांचाही उजेड नव्याने मोजून पाठवला. रेघ गेली.

"काका, तुमचे उपकार झाले," तो म्हणाला.

"माझे कसले? मी एक दांडी उचलली. चीर डॉक्टरीणबाईंनी धरली. पगार त्यांना दे."

ताईने फोन लावला. "मी खुर्चीसाठी बोलले होते ना, ती. नाही, किमतीचा प्रश्न नाही हो. ती मलाच लागणार आहे. तुम्हाला तसदी झाली, माफ करा." फोन ठेवून तिने उजव्या हाताची बोटं एकदा मिटली, उघडली. आजारातून उठलेल्या माणसाकडे बघावं तशी ती त्या बोटांकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "बारक्या, बघत काय बसलास? दाढ बदल. हिची पार चाळणी झाली. आणि आता जरा अवघड दे, मागची, अक्कलदाढ."

बारक्या नवी दाढ शोधू लागला. डोळ्यांत पाणी असल्याने पहिल्यांदा त्याने पडद्यावर पुढचाच दात आणला, आणि ताईने त्यावरूनही त्याला सुनावलं. त्याला ते फार बरं वाटलं.