मुलीसाठी घेतलेलं पुस्तक

"कितव्या वर्षाला आहे मुलगी?" पुस्तकांच्या दुकानदाराने विचारलं.

"पहिल्या," पुस्तक घ्यायला आलेले, कारखान्यातले भांडार कारकून म्हणाले आणि त्यांचे कान तापले. मुलगी कॉलेज संपवून केव्हाच एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायला लागली होती. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकायची होती ती त्यांनाच, निवृत्ती तोंडावर आलेली असताना. कारखान्यात नवी यंत्रणा आली होती. मालाचे अहवाल काढायचे छोटे प्रोग्रॅम आता ज्याचे त्याने लिहायचे. नाही जमलं, तर फाटकावर गाड्या मोजत बसायचं, असं साहेबांनी गोड आवाजात सांगितलं होतं.

दुकानदाराने दोन पुस्तकं पुढे ठेवली. एक पातळ, मोठ्या अक्षरांचं, चित्रांचं. त्यातलं पहिलं पान त्यांना चक्क कळलं.

"ते अगदी नवख्यांसाठी आहे. पोरगी कच्ची असेल तर न्या."

"कच्ची? छे! चांगली हुशार आहे," असं म्हणत त्यांनी दुसरं, जाडजूड पुस्तक उचललं. बापाचा अभिमान उफाळून यायला हीच वेळ सापडली.

घरी त्या पुस्तकाने त्यांना दारातही उभं केलं नाही. वर्तमानपत्राच्या आड धरून ते रोज डोळे ताणत बसत. शेवटी मुलीने पाहिलंच.

"बाबा, हे कुणी दिलं तुम्हाला? आम्ही कामात अडलो की हे उघडतो. यावरून शिकतात का कुणी? मला विचारायचं ना!"

ती हसली असती तर परवडलं असतं. याच घरात, पाहुण्यांसमोर ते तिच्या कामाबद्दल म्हणाले होते, "दिवसभर बोटं आपटायची, त्याचा एवढा पगार!" आता कोणत्या तोंडाने विचारणार? त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"उद्या बदलून आणू," ती म्हणाली. एकटा जातो म्हणाले, पण तिने ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसातून परस्पर दुकानात आली. दुकानदाराने कारकुनांना लगेच ओळखलं.

"हीच का ती? काय गं, नाही ना झेपलं? मी सांगत होतो बाबांना. पण ते म्हणे, फार हुशार!"

कारकुनांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुस्तक माझ्यासाठी आहे, एवढंच बोलायचं होतं. त्यांनी नुसतं पुस्तक पुढे सरकवलं. मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र हळूच काढून पर्समध्ये टाकलं.

"नाही झेपलं, काका," ती म्हणाली. "मला काहीच येत नाही. पहिल्यापासून सांगाल? लिहिताना चुकलं, तर कॉम्प्युटर बिघडतो का?"

"नाही गं, वेडे! नुसती चूक दाखवतो. दुरुस्त करायची, पुढे जायचं."

"आणि इंग्रजी बेताचं असेल तर?"

"थोडेच शब्द लागतात. सवयीने येतात."

"वाचलेलं लक्षातच राहत नसेल तर?"

दुकानदार खुलून सांगत होता आणि ती मान डोलावत पुढचा प्रश्न विचारत होती. शेजारी मान खाली घालून उभे असलेले कारकून एकेक उत्तर मनात पाठ करत होते.